दोन कढया

वाल्मीकरावांचा जीव संपदाने प्रेमलाच्या हातात दिला, तेव्हा वाल्मीकराव फोनवर बोलत होते.

नोएडाच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता आणि घरी सोडण्याआधी आहाराचं समजावून सांगायला आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं होतं. ही संपदा मूळची अमरावतीची. समोर मराठी माणसं बघून तिला बरं वाटलं होतं. "काका, जरा ऐकता का?" असं ती दोनदा म्हणाली. काकांनी बोट वर करून थांबायची खूण केली आणि फोन घेऊन खिडकीकडे वळले. दिल्लीजवळच्या वसुंधरातल्या त्यांच्या सोसायटीच्या कमिटीत कसलंतरी भांडण चालू होतं आणि त्यांच्याशिवाय ते मिटणार नव्हतं.

संपदाने मग खुर्ची प्रेमलाकडे वळवली.

"काकू, तुम्हालाच सांगते. शुगरचे पेशंट साखर सोडतात आणि तेला-तुपाकडे बघतच नाहीत. तेल खाल्लं म्हणून लगेच शुगर चढत नाही ना, म्हणून वाटतं चालतंय. पण डायबेटिसमध्ये रक्तवाहिन्या आधीच खराब होत असतात. काकांना आता खरा धोका हार्टचा आहे, आणि तो कढईतून येतो."

"मग तेल कुठलं वापरू?" प्रेमलाने विचारलं.

"शेंगदाणा, मोहरी, तीळ, राइस ब्रान म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं. आलटून पालटून. तूप कधीतरी वरून, छोटा चमचा. वनस्पती तूप आणि पाम तेल बंद. तळून उरलेलं तेल पुन्हा कढईत घालायचं नाही, कितीही जिवावर आलं तरी. आणि चांगलं तेलसुद्धा मोजून. फोडणी धरून दिवसाचे तीन-चार छोटे चमचे. बाटलीवर कोलेस्टेरॉल फ्री लिहिलंय म्हणून धार सोडायची नाही. शेंगदाण्या-मोहरीच्या तेलात ते कधी नसतंच. जवसाची चटणी करता ना? ती चांगली." मग ती हसली. "तुमचीही शुगर काठावर आहे, काकू. दोघांनी एकच जेवा. पण काकांचं सगळं आता तुमच्या हातात आहे बरं का."

प्रेमला गजभिये दिल्लीच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती. हे तिला दोनदा सांगावं लागलं नाही. तिने खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. सरकारी नोकरीत अवर सचिव होऊन निवृत्त झालेला रुंद खांद्यांचा माणूस, सलाइनची सुई काढलेल्या हातावर कापूस चिकटवलेला, आणि आवाजात तोच हुकूम. सगळं तुमच्या हातात आहे. तिच्या मनात एक विचार आला आणि ती दचकली. पर्स उचलून ती उठून उभी राहिली.

त्या विचाराचं मूळ जुनं होतं.

मुलगी लुंबिनी तेव्हा लहान होती, चौथीत. घर दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतं. वाल्मीकरावांचं प्रमोशन अडलं होतं आणि त्यांचे संयुक्त सचिव एकदा म्हणाले होते की नागपूरकडचं झणझणीत मटण खायचंय. तेवढ्यावरून त्यांनी साहेबांना, साहेबांच्या बायकोला आणि बरोबरचे हरिदास वानखेडे, त्यांची बायको देवयानी यांना संध्याकाळी जेवायला बोलावलं. प्रेमला सकाळपासून ओट्याशी होती. मसाला भाजत होती, पाटवड्या थापत होती. दुपारी बाहेरच्या खोलीत फोन वाजला. वाल्मीकरावांनी घेतला. दोन मिनिटं बोलून ठेवला. "कुणाचा?" तिने आतून विचारलं. "ऑफिसचा," ते म्हणाले.

फोन वर्ध्याहून होता, तिच्या भावाचा, दत्तात्रयचा. आई गेली होती.

संध्याकाळी पाहुणे आले. रस्स्यावर बोटभर तर्री होती, लाल, आरशासारखी. साहेबांनी दोनदा मागून घेतला. वाल्मीकरावांनी तिला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं, सगळ्यांसमोर. "ही आमची शेफ," ते म्हणाले. साहेबांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. आणि प्रेमला पदराला हात पुसत हसली. चांगली खुलून हसली. आई तिकडे जमिनीवर निजवलेली होती आणि मुलगी इकडे कौतुकाने हसत उभी होती.

पाहुणे गेल्यावर, बूट काढता काढता, त्यांनी सांगितलं. नागपूरकडच्या गाड्या तोवर निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ती वर्ध्याला पोचली तेव्हा अंगणात फक्त मंडप राहिला होता. "आम्ही थांबणार होतो ग," दत्तात्रय तिचे हात धरून म्हणाला, "पण जावईच म्हणाले, तिचं येणं होणार नाही, वाट बघू नका."

परत आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, का. वाल्मीकराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू जाऊन काय झालं असतं? ती उठून बसणार होती का?"

प्रमोशन झालं. प्रेमलाने पुन्हा तो विषय काढला नाही. संसार केला, शाळा केली, लुंबिनीला शिकवलं, गुरुग्रामला नोकरीला लागेपर्यंत तिच्या मागे उभी राहिली. पण पोटात डूख धरून ठेवला. लोकांना वाटतं काळाने असल्या गोष्टी बोथट होतात. तिच्या मनातली गोष्ट मात्र रोज धार लावल्यासारखी होत गेली.

हॉस्पिटलातून आल्यावर तिने तरीही संपदाचं ऐकलं. विज्ञानाच्या बाईची सवय होती ती. मोहरीच्या कच्च्या घाण्याच्या तेलाची बाटली आणली, शेंगदाण्याचं आणलं, मापाचे चमचे आणले. दुधी, पालकाची डाळ, ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी. फोडणी चमच्याने मोजून.

वाल्मीकरावांनी दुसऱ्याच दिवशी ताट सरकवलं.

"हे काय? हॉस्पिटलातून सुटलो की नाही मी?"

"तेल मोजून घालायला सांगितलंय."

"ती कालची पोरगी मला शिकवणार? अरे, आमचे आजोबा कच्चं तेल प्यायचे. मी साखर सोडली ना? गोळ्या घेतो ना? बस्स." त्यांनी डाळीत बोट बुडवून बघितलं आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "एवढी एकच गोष्ट तुला धड येत होती, प्रेमला. तीही विसरलीस."

प्रेमला ताट उचलून आत गेली. ओट्यापाशी उभी राहिली. हॉस्पिटलात झटकून टाकलेला विचार तिथे तिची वाटच पाहत होता. या वेळी ती दचकली नाही.

"बरं," ती आतून म्हणाली. "उद्यापासून तुम्हाला हवं तसं करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेक्टरच्या बाजारात गेली. दुकानदाराने मोठ्या डब्यातून सुटं वनस्पती तूप काढून दिलं. "आंटीजी, यह तो हलवाई लोग ले जाते हैं," तो म्हणाला. "मेहमान आ रहे हैं," ती म्हणाली. घरी येऊन तिने माळ्यावरची जुनी लोखंडी कढई काढली. त्या दिवसापासून तिच्या शेगडीवर दोन कढया चढू लागल्या. छोटी तिची, मोजलेल्या तेलाची. मोठी त्यांची.

मोठ्या कढईत ती सकाळी भजी तळायची आणि उरलेलं तेल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतायची. संध्याकाळी त्याच तेलात त्यांच्या रस्स्याची फोडणी. पुन्हा तळण, पुन्हा डबा. तेल दिवसेंदिवस काळं आणि चिकट होत गेलं, वास जड झाला, आणि तो वास मारायला ती मसाला वाढवत गेली. चपाती वनस्पतीत भाजायची, वरून आणखी एक चमचा सोडायची. आपण काय करतोय हे तिला पुरतं माहीत होतं. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलाचं काय होतं आणि ते रक्तात जाऊन काय करतं, हे तिने फळ्यावर काढून मुलींना शिकवलं होतं.

वाल्मीकराव खूश होते. भुरका मारून रस्सा प्यायचे, बोटं चाटायचे.

"बिल्कुल! आता जमलं. आता घरात जेवल्यासारखं वाटतं."

"आणखी वाढू?" ती विचारायची.

"वाढ."

ती वाढायची. समोर बसून आपल्या वाटीतलं पालक खायची आणि त्यांच्या हनुवटीवर आलेला तेलाचा ओघळ बघत राहायची. तिला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. सकाळी जाग आली की आज त्यांना काय करून घालायचं याचा विचार आनंदाने करायची. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, या वयात बाईने नवऱ्यावर जीव टाकला आहे.

लुंबिनीचा गुरुग्रामहून रोज फोन यायचा.

"आई, बाबांचं तेल मोजतेस ना?"

"हो ग."

"तळलेलं काही नाही ना?"

"नाही ग बाई. तू तुझं काम कर."

फोन ठेवल्यावर मात्र थोडा वेळ तिला ओट्याशी जाववायचं नाही. लुंबिनीशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. मग आतून हाक यायची, "प्रेमला, चहाबरोबर काहीतरी तळ," आणि ते मागे पडायचं.

दिवाळी आली-गेली. हवा धुराने भरली. वाल्मीकराव लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावरच कठडा धरून उभे राहायला लागले. "पोल्यूशन," ते म्हणायचे. प्रेमला मागे दोन पायऱ्या खाली उभी राहून त्यांच्या धापा ऐकायची. पटकन पुढे होऊन हात द्यावा असं तिला वाटायचं नाही. ऐकतच राहावं असं वाटायचं.

तपासणीची वेळ आली तेव्हा दोघांचं रक्त घेतलं. संपदाने कॉम्प्युटरवर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, वाईट कोलेस्टेरॉल वाढलंय. ट्रायग्लिसराइड तर केवढे! वजनही. घरी नक्की काय चाललंय?"

"काही नाही!" वाल्मीकराव ताडकन म्हणाले. "ही मोजून घालते. चमच्याने. मी साक्षीदार आहे."

प्रेमलाने मान डोलावली. नवरा-बायको एका बाकावर बसून एकच खोटं बोलत होते, त्यांनी जिभेसाठी, तिने वेगळ्याच गोष्टीसाठी. आयुष्यात इतक्या वर्षांत त्यांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. वाल्मीकराव पुढे गेले तेव्हा संपदाने प्रेमलाला दारात थांबवलं.

"काकू, तुमची शुगर उतरली. कोलेस्टेरॉल छान आलंय. एकाच घरात, एकाच कढईतलं जेवता ना तुम्ही दोघं?"

प्रेमलाने पर्सची चेन लावली. संपदा तिच्याकडे बघत राहिली. त्या मुलीच्या डोळ्यांत आरोप नव्हता, भीती होती. "काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "असं चाललं तर पुढच्या वेळी ते स्वतःच्या पायाने येणार नाहीत."

"कळलं मला," प्रेमला म्हणाली.

कॅबमध्ये वाल्मीकराव डॉक्टरांना शिव्या देत होते. प्रेमला काचेतून बाहेर बघत होती. पुढच्या वेळी. म्हणजे आता फार लांब नव्हतं. ती स्वतःला विचारत होती, मग आनंद का होत नाही?

त्याचं उत्तर दोन दिवसांनी वाल्मीकरावांनीच दिलं. सोसायटीच्या कमिटीवर ते अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्या खुशीत रविवारी दुपारी, आता त्याच सोसायटीत राहणाऱ्या हरिदास वानखेड्यांना सपत्नीक जेवायला बोलावलं. लुंबिनीलाही यायला सांगितलं.

"मटण कर," ते सोफ्यावर पाय पसरून म्हणाले. "आपल्या क्वार्टरमध्ये साहेब आले होते ना, तेव्हा केलं होतंस, बिल्कुल तसं. हरिदास अजून आठवण काढतो. क्या दिन था यार! फार मजा आली होती त्या दिवशी."

प्रेमला भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. तिने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. टोमणा नव्हता, लपवाछपवी नव्हती. ते आठवणीत रमून हसत होते.

ते विसरले होते.

इतकी वर्षं ती जे उराशी धरून बसली होती, त्याचा त्यांच्या डोक्यात मागमूससुद्धा नव्हता. तिथे फक्त तर्री उरली होती आणि टाळ्या. आणि तिला लख्ख कळलं की हा माणूस तिच्या काळ्या तेलाने उद्या मेला, तर तृप्त होऊन मरेल. बायकोने शेवटपर्यंत आवडीचं करून घातलं, असं म्हणत मरेल. लोक तिचं सांत्वन करायला येतील आणि तेही हेच म्हणतील. कशापायी मेलो, हे त्याला कळणारच नाही. असला कसला सूड?

"त्या दिवशीसारखंच करते," ती म्हणाली.

रविवारी थंडीचं कोवळं ऊन बाल्कनीतून जेवणाच्या टेबलापर्यंत आलं होतं. हरिदास वानखेडे दारातूनच वास घेत आले. देवयानीवहिनींनी स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि "वहिनी, काही मदत?" म्हणून विचारलं. लुंबिनी ताटं मांडत होती. वाल्मीकराव मधल्या खुर्चीवर अध्यक्षासारखे बसले होते.

प्रेमलाने पाहुण्यांसाठी ताज्या तेलात मटण केलं होतं आणि तर्री भरपूर आणली होती. पातेलं टेबलावर ठेवलं, तिघांना वाढलं. मग वाल्मीकरावांसमोर वेगळं ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, पालकाची डाळ, चरबी काढलेले मटणाचे दोन तुकडे पातळ रस्स्यात, कोशिंबीर.

"हे काय?"

"तुमचं. तेल मोजून."

ते पाहुण्यांकडे बघून हसले. "बघ हरिदास, उपाशी मारणार मला. चल, आज राहू दे. वाढ इकडे." त्यांनी पातेल्याकडे हात केला.

प्रेमलाने पातेलं मागे ओढलं. "नाही."

नवऱ्यापुढे हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. लुंबिनीने चमकून वर पाहिलं.

"हरिदासभाऊ," प्रेमला उभ्याउभ्याच म्हणाली, "तुम्ही क्वार्टरवर जेवायला आला होतात, साहेबांबरोबर. ते जेवण तुमच्या लक्षात आहे म्हणे."

"म्हणजे काय वहिनी! जिभेवर आहे अजून."

"त्या दिवशी दुपारी माझी आई गेली होती."

देवयानीवहिनींचा घास हातातच राहिला.

"मला माहीत नव्हतं," प्रेमला म्हणाली. तिचा आवाज वर्गात धडा वाचावा तसा सरळ होता. "यांना माहीत होतं. माझ्या भावाचा फोन यांनी घेतला होता. मला म्हणाले, ऑफिसचा. मी पाटवड्या थापत बसले. तुम्ही सगळे जेवलात, टाळ्या वाजवल्यात, मी हसले. तुम्ही घरी गेल्यावर यांनी सांगितलं. आणि भावाला आधीच सांगून ठेवलं होतं की तिची वाट बघू नका, उरकून घ्या. मी आईचं तोंड पाहिलं नाही."

वाल्मीकराव हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. "काय हे जुनंपुराणं काढून बसलीस? लोकांसमोर! वीस वर्षं झाली."

"बाबा," लुंबिनी म्हणाली, "खरं आहे हे?"

"अगं, मला कुठे आठवतंय सगळं..."

"तेच," प्रेमला म्हणाली. "यांना आठवत नाही. परवा म्हणाले, फार मजा आली होती त्या दिवशी."

ती आत गेली आणि झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन आली. झाकण काढून तो वाल्मीकरावांच्या ताटाशेजारी ठेवला. आतलं तेल डांबरासारखं दिसत होतं. त्याचा कुबट वास मटणाच्या वासावर चढला.

"हे तुमचं तेल. उन्हाळ्यापासून तुम्ही हे खाताय. तळून उरलेलं, परत तापवलेलं, परत तळलेलं. वर वनस्पती. माझी कढई वेगळी आहे, माझं तेल वेगळं आहे. म्हणून माझी शुगर उतरली आणि तुम्हाला जिना चढवत नाही."

वाल्मीकराव डब्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडत गेला.

"तू मला विष घालत होतीस?"

"विष घातलं असतं तर तुम्ही थुंकलं असतं. हे तुम्ही मागून घेतलंत. मी विचारलं, आणखी वाढू? तुम्ही म्हणालात, वाढ. डॉक्टरांपुढे माझे साक्षीदारही तुम्हीच झालात." ती थोडी थांबली. "मी तुम्हाला मारायलाच निघाले होते. थांबले ते दया आली म्हणून नाही. कशासाठी मरताय हे तुम्हाला कळायला हवं म्हणून थांबले."

हरिदास वानखेडे खुर्ची मागे सारून उठले. हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. देवयानीवहिनींनी स्वेटर उचलला, प्रेमलाजवळ आल्या, तिच्या दंडावर हात ठेवला आणि नवऱ्याला घेऊन निघाल्या. कमिटीच्या अध्यक्षांच्या टेबलावर ताटं तशीच वाळत राहिली.

प्रेमलाने हा क्षण मनात अनेकदा रंगवला होता. तो तसाच आला होता. वाल्मीकरावांचे खांदे खाली आले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिला घाबरले होते. तिने तो घाबरलेला चेहरा डोळे भरून पाहून घेतला.

जे रंगवलं नव्हतं ते लुंबिनीच्या तोंडून आलं.

"मी रोज विचारत होते तुला. रोज, आई. तू मला रोज हो म्हणालीस."

प्रेमलाने डब्याचं झाकण उचलून परत लावलं.

"बाबांनी तुझ्याशी जे केलं ते मी त्यांना कधी माफ करणार नाही," लुंबिनी रडत म्हणाली. "पण ते तुझ्याशी खोटं बोलले आणि तू माझ्याशी. आजी गेली तेव्हा तुला कळलं नाही. बाबा गेले असते तर मला तरी कधी कळलं असतं?"

तिने बापाची बॅग भरली, गोळ्या घेतल्या आणि त्यांना गुरुग्रामला घेऊन गेली. जाताना डब्यातलं तेल तिने स्वतः कचऱ्याच्या पिशवीत ओतून बांधलं. आईकडे बघितलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस तिचा फोन आला नाही. प्रेमला एकटी राहिली. सोसायटीत कुजबुज झाली. हरिदास बोलले की देवयानी, कुणास ठाऊक. काही बायका लिफ्टमध्ये गप्प व्हायला लागल्या. एक-दोघी मात्र मुद्दाम थांबून तिचा हात दाबून जायच्या, आणि प्रेमलाला वाटायचं, यांच्याही घरात काहीतरी आहे.

वाल्मीकराव थंडी सरता सरता परत आले. लुंबिनी दिवसभर ऑफिसात, स्वयंपाकाला लावलेली बाई सढळ हाताने तेल ओतणारी, आणि बावीस मजल्यांच्या त्या टॉवरमध्ये यांना ओळखणारं कुणी नाही. दार उघडून प्रेमला बाजूला झाली. ते आत आले आणि आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून उभे राहिले.

"भाकरी करते," ती म्हणाली. "खाणार?"

"नको," ते घाईने म्हणाले. "मी... मी बघतो माझं."

त्या 'नको'त भीती होती, आणि ती प्रेमलाला ओळखू आली. आता या घरात त्यांना तिच्या हातचा घास घशाखाली उतरणार नव्हता. ज्या माणसाने कधी गॅस पेटवला नव्हता, तो काड्यापेटी धरून शेगडीशी वाकला आणि पहिल्या भाकरीचे दोन तुकडे झाले. ती बाहेरच्या खोलीत बसून ते आवाज ऐकत होती. उठून मदत करावी असं तिला वाटलं नाही. बरं वाटलं.

ते एकटेच संपदाकडे गेले. या वेळी फोन बंद करून बसले असावेत, कारण येताना मापाचा चमचा आणि शेंगदाणा तेलाची छोटी बाटली घेऊन आले. दुधी चिरताना बोट कापलं. डाळ करपली, मग जमली. फोडणी घालताना चमचा डोळ्यांसमोर धरून तेल बघायचे, लहान मूल औषध बघतं तसं. लोखंडी कढई त्यांनी भंगारवाल्याला दिली आणि स्वतःसाठी नवी आणली. शेगडीवर दोन कढया चढतच राहिल्या. दोघांचं जेवण एकाच टेबलावर व्हायचं, बोलणं मात्र व्हायचं नाही. वजन उतरलं, कोलेस्टेरॉल खाली आलं, जिना पुन्हा जमायला लागला. संपदाने लुंबिनीला फोन करून सांगितलं आणि लुंबिनीने आईला. तेवढ्यापुरतं बोलली, कोरडं. पण बोलली.

एका दुपारी वाल्मीकरावांनी ताटावरून मान न उचलता विचारलं, "तुझी आई कुठल्या तारखेला गेली?"

प्रेमलाने त्यांच्याकडे पाहिलं. टकलावरून घाम ओघळत होता. स्वयंपाकाची सवय नव्हती अजून. विचारायला त्यांना किती दिवस लागले असतील, हे तिला कळत होतं.

"दत्तात्रयला विचारा," ती म्हणाली. "त्याने तुम्हाला सांगितली होती."

त्यांनी विचारली की नाही, ते तिला कळलं नाही. तिने चौकशी केली नाही. संपदाने एकदा तिला गाठून म्हटलं, "काकू, काका चांगले सुधारलेत, आता तरी एकत्र जेवण बनवा." प्रेमला हसली आणि म्हणाली, "ते सुधारलेत, मी नाही." हे ती चेष्टेत बोलली नव्हती. त्यांचं काळीज धडधडत राहावं आणि त्या धडधडीत रोज थोडी भीती असावी, एवढंच तिला हवं होतं, आणि तिला ते मिळालं होतं. लुंबिनी दुरावली ती किंमत जबर होती, आणि ती भरून निघेल की नाही हे तिला सांगता आलं नसतं. पण पुन्हा तीच वेळ आली असती तर टेबलावर तो डबा तिने पुन्हा आणला असता.

जुलैमध्ये शाळेतल्या जुन्या शिक्षिकांनी तिला वस्तीतल्या मुलींना विज्ञान शिकवायला बोलावलं. ती साडी नेसून निघाली होती. वाल्मीकराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात रिकामी बाटली.

"या महिन्यात मोहरीचं घ्यायचं की शेंगदाण्याचंच चालू ठेवायचं?"

"संपदाला विचारा," प्रेमला म्हणाली. चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.